बाळसे, वजन आणि बाळाची नजर

घरात मूल जन्मले की भेटीला येणाऱ्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी, हा पहिला. वजन किती, हा दुसरा. रंगरूप कोणावर गेले, हा तिसरा. बाळ कशाकडे पाहते, कोणाच्या आवाजाने शांत होते, दूध ओढताना दमते का, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. व्यापारी घरांत मोजण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची असल्यामुळे आपली दृष्टी आकड्यावर आधी जाते. त्यात गैर काही नाही. पण कोणता आकडा केव्हा पाहायचा आणि त्याचा अर्थ कसा लावायचा, हे ठाऊक नसेल तर तोच आकडा घरभर धास्ती पसरवतो.

गतवर्षी आमची कन्या बाळंतपणासाठी मालवणला माहेरी आली. नातीचे जन्मवजन २ किलो ७०० ग्रॅम भरले. पाचव्या दिवशी काट्यावर २ किलो ५०० दिसले आणि घरात कुजबुज सुरू झाली. दोनशे ग्रॅम गेले कुठे? सावंतवाडीहून आलेल्या आमच्या आत्याबाईंनी निकाल दिला, "आईला दूध नाही. डबा आणा." औषधाच्या दुकानापर्यंत माणूस पाठवण्याची तयारीही झाली होती. तेवढ्यात सातव्या दिवसाच्या भेटीला आशाताई आल्या. त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि मला विचारले, "काकानू, वजन उतारला म्हणान घाबरू नकात. दिसाक लंगोट किती भिजतत, ता पयला सांगा." दिवसाला सात-आठ लंगोट भिजत होते. बाळ ओढत होते, पिऊन झाले की झोपत होते. "मगे डबो कित्याक?" असे म्हणून त्यांनी आईशेजारी बसून बाळाला छातीशी धरण्याची पद्धत थोडी सुधारून दिली. बाराव्या दिवशी वजन २ किलो ६८० झाले. आत्याबाईंनी त्यानंतर डब्याचा विषय काढला नाही.

यामागचा हिशेब सोपा आहे. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्याच्या शरीरात पाण्याचा अंश जास्त असतो. पहिल्या तीन-चार दिवसांत तो उतरतो, काळी शी बाहेर पडते आणि जन्मवजनातून पाच ते दहा टक्के कमी होतात. बहुतेक बाळे दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येतात. दहा टक्क्यांहून अधिक घट झाली, किंवा दोन आठवड्यांनंतरही मूळ वजन भरून आले नाही, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. त्या आधीची घट ही खात्यातील तूट नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती आरंभीची ठरलेली वजावट आहे.

त्यानंतर पहिले तीन महिने बाळ रोज सरासरी २५ ते ३५ ग्रॅम वाढते. पुढल्या तीन महिन्यांत हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो आणि रोजचे पंधरा-वीस ग्रॅम उरतात. नेमक्या याच वळणावर, चौथ्या महिन्यात, अनेक घरांत दूध पुरत नसल्याची ओरड सुरू होते आणि वरचे दूध, बिस्किटाची पेस्ट, तयार पावडर यांचा शिरकाव होतो. बाळाची वाढ खुंटलेली नसते. ती निसर्गाने ठरवून दिलेल्या वेगावर आलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मधल्या मापाचा मुलगा जन्मतः ३.३ किलो, तीन महिन्यांचा ६.४ आणि सहा महिन्यांचा ७.९ किलो असतो. मुलगी अनुक्रमे ३.२, ५.८ आणि ७.३ किलो. हे मधले माप आहे, उत्तीर्ण होण्याचे गुण नव्हेत. सहा महिन्यांची सहा किलोची मुलगीही, तिची रेषा आपल्या वाटेने चढत असेल तर, निरोगीच असते.

या तक्त्यांची जन्मकथा वाचकांना सांगावीशी वाटते. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत मिळून सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेण्यात आली. भारतातील केंद्र दिल्लीत होते. निवडलेली मुले अंगावर दूध पिणारी, लसी घेतलेली, धूम्रपान न करणाऱ्या मातांची आणि खाऊनपिऊन सुखी घरांतील होती. आढळले असे की पहिल्या पाच वर्षांत या सहाही ठिकाणच्या मुलांच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. २००६ मध्ये हे तक्ते प्रसिद्ध झाले आणि आज आपल्या अंगणवाड्यांत व माता-बाल संरक्षण कार्डावर तेच छापलेले असतात. "आमच्या घराण्यात मुले बारीकच" हे वाक्य आपण जितक्या सहजपणे उच्चारतो, तितके ते खरे नाही.

त्या कार्डावरील आलेख मला पासबुकासारखा वाटतो. एका दिवसाची शिल्लक पाहून खातेदाराची पत ठरत नाही, पाच-सहा महिन्यांचा व्यवहार पाहावा लागतो. बाळाचा ठिपका कोणत्या रेषेवर आहे यापेक्षा त्याची वाट वर जाते आहे की आडवी झाली आहे, याला महत्त्व अधिक. आणि रोज काटा काढू नये. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ मिशेल लॅम्पल यांनी काही तान्ह्या मुलांची लांबी वारंवार मोजून १९९२ मध्ये दाखवून दिले की बाळ रोज थोडे थोडे लांबत नाही. कित्येक दिवस लांबी जागची हलत नाही आणि मग एका दिवसात अर्धा ते अडीच सेंटिमीटर उडी घेते. आपल्या दुकानाच्या गल्ल्याचेही असेच असते. भर पावसात बोहनीसुद्धा होत नाही आणि चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस सारा महिना भरून काढतात.

आता दुधाविषयी. प्रसूतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, काही घरांत अजूनही जड म्हणून पिळून टाकतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने वाटतो आणि स्वतःच्या बाळाचा चीक मोरीत ओततो, ही विसंगती लक्षात घ्यावी. रोगांशी लढणारी द्रव्ये त्यात सर्वाधिक असतात. जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावावे आणि सहा महिने आईच्या दुधावाचून काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये. मालवणचा मे महिना कसा असतो हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. अशा उकाड्यात बाळाला पाणी न देणे आजीच्या जिवावर येते. परंतु आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. तहान लागली की बाळ अधिक वेळा पिते. पाणी आईने प्यावे.

ज्या मातेला काही कारणाने दूध येत नाही, किंवा बाळ फार अपुऱ्या दिवसांचे आहे, तिच्यासाठीही मार्ग आहेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली पेढी मानली जाते. एका मातेचे जादा दूध निर्जंतुक करून दुसरीच्या बाळाला देण्याची ही कल्पना आज अनेक शहरांत रुजली आहे. पेढी हा शब्द आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेला. ही पेढी मात्र व्याज घेत नाही.

येथे दुकानदार बंधूंसाठी एक टीप. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू, सवलत, दुकानात प्रलोभनाचे फलक, हे सर्व १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला आणि दोन वर्षांपर्यंतच्या बालआहारालाही लागू झाला. डबा विकणे गुन्हा नाही, तो भरीस घालणे हा गुन्हा आहे. ज्यांची औषधांची किंवा किराण्याची दुकाने आहेत त्यांनी कंपनीचा माणूस फलक घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

वजनाबरोबर आपल्याकडे आणखी एक शब्द येतो, गुटगुटीत. बाळसेदार बाळ पाहून मन हरखते हे खरे. परंतु पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याने या शब्दाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे सरासरी जन्मवजन साडेतीन किलो, तर पुण्याकडील बाळांचे २.७ किलो. म्हणजे आपले बाळ आठशे ग्रॅमने हलके. पण बारकाईने मोजल्यावर दिसले की कमी आहे ते स्नायू आणि पोटातील अवयव यांचे माप. त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळजवळ राखलेली आहे. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा वाटा जास्त, असे हे बाळ. मधुमेहाची बीजे आपल्या लोकांत गर्भावस्थेतच कशी पेरली जातात, याचा एक धागा या संशोधनाने हाती दिला. ज्या समाजात बैठ्या गादीवरचा व्यवसाय आणि पन्नाशीच्या आत साखर हे समीकरण घरोघर दिसते, त्याने तरी कमी वजनाच्या बाळाला घाईघाईने तूप-साखर चारून गुटगुटीत करण्याचा मोह टाळावा.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्या मातांच्या गरोदरपणातील आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा होती, त्यांची बाळे जन्मतः मोठी भरली. तिन्ही पदार्थ शाकाहारी. मात्र आपल्याकडे चातुर्मासात पालेभाजीचा त्याग करण्याचा नेम पुष्कळ घरांत असतो, आणि गर्भारपण पंचांग पाहून येत नाही. व्रतांना आगार असतो. गर्भवतीने व बाळंतिणीने उपवास आणि त्यागाबाबत महाराज साहेबांना विचारावे, डॉक्टरांनाही विचारावे. सासूबाईंनी मात्र सुनेला विचारण्याची पाळी येऊ देऊ नये, स्वतःहून पालेभाजी वाढावी, असे मला वाटते.

वाढ काट्यावर दिसते, विकास काट्यावर दिसत नाही. तो बाळाच्या नजरेत, मानेत आणि मुठीत दिसतो. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते. अंगावर पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ओळखते. सहा ते आठ आठवड्यांत ते पाहून हसू लागते. झोपेतले पहिल्या दिवसांचे हसणे, ज्याला आपण सटवाई हसवते म्हणतो, ते वेगळे. हे हसणे उत्तरादाखलचे असते. आपण हसलो की ते हसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते, मुठी सैल होतात, स्वतःचेच हात न्याहाळत बसते. पुढे वस्तूकडे हात नेते, कुशीवर वळते, पालथे पडते. तोवर हुंकाराची अक्षरे होऊ लागलेली असतात.

याचे कारण मेंदूत आहे. जन्मतः साधारण चौतीस सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या सहा महिन्यांत आठ-नऊ सेंटिमीटरने वाढतो. पुढल्या सहा महिन्यांत ही वाढ तीन सेंटिमीटरही नसते. डोक्याची हाडे जन्मतः जुळलेली नसतात ती याचसाठी. टाळू तेल घालून भरत नाही. आतल्या मेंदूला जागा देऊन झाली की नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ती आपोआप बंद होते. बोटभर तेल टाळूवर ठेवल्याने बिघडत काही नाही, पण डोके गोल व्हावे म्हणून दाबणे आणि नाक सरळ व्हावे म्हणून ओढणे हे प्रकार थांबवावेत.

शेजारच्या बाळाशी तुलना, हा आणखी एक उपद्व्याप. आधाराविना बसण्याचा नैसर्गिक काळ ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे आणि स्वतःचे स्वतः चालण्याचा ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातच पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांवरून हे अंतर काढले आहे. शंभरांत चार-पाच मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. अमकीचा नातू आठव्या महिन्यात चालला म्हणून आपल्या नातवाला चाकांच्या पांगुळगाड्यात कोंबू नये. त्याने चालणे लवकर येत नाही, पायरीवरून पडण्याचा धोका मात्र वाढतो.

तुलना नको, पण लक्ष हवे. तीन महिने उलटूनही बाळ माणसाकडे पाहून हसत नाही. पाचव्या महिन्यातही मान लटपटते. मुठी सदैव आवळलेल्या राहतात. मोठ्या आवाजाने दचकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे येत होते ते येईनासे झाले, तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नये.

हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण तो आपल्या समाजाच्या फार जवळचा आहे. १९६२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात सहा भारतीय बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. केवळ आईच्या दुधावर वाढलेली ही बाळे सुरुवातीस नीट होती. नंतर ती मलूल झाली, हसेनाशी झाली, आलेल्या हालचाली विसरली. कातडीवर काळसर छटा आली, रक्त कमी झाले. निदान झाले ते ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचे. त्यांच्या माता शाकाहारी होत्या, त्यांच्या स्वतःच्या अंगात ब-१२ कमी होते, म्हणून दुधातही ते उतरत नव्हते. ब-१२ दिल्यावर बाळे सुधारली.

या आजाराचे फसवे रूप असे की बाळ अनेकदा वजनाला चांगले असते. काटा खूश, आजी खूश. तीन-चार महिने सर्व ठीक चालते, कारण गर्भात मिळालेला साठा पुरत असतो. तो संपला की बाळ शांत होऊ लागते, आणि घरात कौतुक होते, "किती गुणी बाळ, रडत नाही." चेहऱ्यावरचे भाव मावळतात, धरलेली मान पुन्हा सैल होते, बोटांच्या पेरांवर काळेपणा दिसतो, केस विरळ व भुरकट होतात, काहींना कंप सुटतो. वेळीच उपचार झाला तर सुधारणा काही दिवसांत दिसू लागते. उशीर झाला तर मेंदूच्या वाढीचे ते महिने पूर्णपणे परत मिळतील अशी खात्री नसते.

हे वाचून कोणी आईचे दूध बंद करू नये. दोष दुधाचा नाही. आईचे ब-१२ भरून काढले की दुधातले भरून येते. आणि त्यासाठी शाकाहार सोडण्याचीही गरज नाही. ब-१२ वनस्पती तयार करीत नाहीत, प्राणीही करीत नाहीत, ते सूक्ष्म जंतू करतात. औषधी ब-१२ जंतूंच्या किण्वनातूनच बनवतात. जिलेटिनच्या कॅप्सूलविषयी मनात किंतु असेल तर साधी गोळी मागावी. दूध आणि दही हा आपला नैसर्गिक स्रोत आहे, पण त्याचाही हिशेब मांडावा. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम ब-१२ असते आणि अंगावर पाजणाऱ्या आईची रोजची गरज सुमारे तीन मायक्रोग्रॅमची. म्हणजे केवळ दुधातून ती भागवायची तर पाऊण लिटर लागेल. "आमच्याकडे रोज तीन लिटर दूध येते" असे अभिमानाने सांगणाऱ्या घरांत ते चहात, मुलांच्या पेल्यांत आणि पाहुण्यांच्या मिठाईत किती जाते आणि सुनेच्या वाट्याला किती येते, हे एकदा पाहावे. पुण्याच्या त्या खेड्यांतही निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या रक्तात ब-१२ कमी आढळले होते. गरोदरपणात सर्रास मिळणाऱ्या गोळ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या असतात. त्यांत ब-१२ नसते. म्हणून गर्भारपणातच रक्ताची ही तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. मुंग्या येणे, जीभ लाल होऊन आग होणे, कायमचा थकवा, ही लक्षणे असतील तर अवश्यच.

जन्मानंतर लवकर उरकून टाकाव्यात अशा आणखी दोन तपासण्या आहेत. एक श्रवणाची. हजारांत एक ते तीन बाळे ऐकू न येणारी जन्मतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत उपचार, असा त्याचा क्रम सांगितला जातो. ताट वाजवून केलेली परीक्षा धरू नये. बाळ हादऱ्यानेही वळते. दुसरी थायरॉइडची, टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर होणारी. उपजत थायरॉइडचा दोष दोन आठवड्यांत पकडला आणि गोळी सुरू केली तर मूल इतरांसारखेच वाढते, न पकडल्यास बुद्धी कायमची मंदावते. शेजारच्या गोव्याने सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी नवजात तपासणीची योजना २००८ मध्येच सुरू केली होती. आपल्या जिल्ह्यातून बांबोळीला जाणारी मंडळी थोडी नाहीत. प्रसूती कोठेही होवो, या दोन्ही तपासण्यांची विचारणा आधीच करून ठेवावी. लसींविषयी वेगळे लिहीत नाही. जन्मतः, मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, त्यानंतर नवव्या महिन्यात. कार्डावर तारखा असतात आणि त्या हुंडीच्या मुदतीप्रमाणे पाळाव्यात.

किनाऱ्यावरच्या जुन्या रीतींपैकी एक मला निःशंक आवडते, ती म्हणजे खोबरेल तेलाचे मालिश. शीवच्या त्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ मध्ये 'इंडियन पेडिअॅट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, खनिज तेल आणि नुसती पावडर यांची तुलना केली. खोबरेल चोळलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढले. हात हलका हवा, नाकाकानात थेंब घालू नयेत, एवढेच पथ्य. उलट शेगडीवर ओवा-शेपा टाकून कोंडलेल्या खोलीत दिलेली धुरी बाळाच्या इवल्या फुप्फुसांना मुळीच मानवत नाही. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत ही खरी अडचण आहे, पण ती बाळाच्या खोलीत शेगडी ठेवून सोडवू नये. काजळ नको. मधाचे बोट आपल्याकडे धर्मानेच वर्ज्य. वैद्यकशास्त्रही एक वर्षाच्या आत मध देऊ नये असे सांगते, कारण त्यातील जंतूंमुळे बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. तयार गुटी मधात कालवलेली नाही ना, हे मात्र पाहावे. आणि पावसाळ्यात ऊन नाही म्हणून बाळाची कावीळ बरी होत नाही, ही समजूत चुकीची आहे. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर उन्हाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शेवटी पुन्हा त्या आशाताईंकडे येतो. त्यांच्या भेटींमागे आपल्याच राज्यातील एक मोठे काम उभे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९९५ पासून गावातल्याच साध्या शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळाला उबेत ठेवणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे त्यांनी घरोघर जाऊन केले. त्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ मध्ये ही पद्धत देशभर आशांमार्फत लागू झाली. रुग्णालयात प्रसूती झाली असली तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते.

बाजारपेठेतील आपली कित्येक घरे तिला उंबऱ्यावरूनच "आमचे डॉक्टर आहेत" असे सांगून वाटेला लावतात. खाजगी डॉक्टर दीड महिन्यात दोन वेळा दिसतात, तेही दवाखान्यात. बाळ घरात कसे पिते, खोली किती कोंदट आहे, आई नीट बसून पाजते का, हे पाहायला ते येत नाहीत. आशा येते. तिला आत बोलवावे, पाट द्यावा, काटा लावू द्यावा. दोन महिन्यांच्या आतील बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले किंवा उठवूनही जागे होईना, तर मात्र तिच्याही भेटीची वाट न पाहता त्याच घटकेला निघावे. मालवणचे ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसचे जिल्हा रुग्णालय आहे. रात्री कोणती गाडी मिळेल आणि कोण चालवील, हे प्रसूतीच्या आधीच ठरवून ठेवावे.

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाच्या जोडीला वरचे अन्न लागते. आमच्या नातीचे उष्टावण मऊ भात आणि मुगाच्या घट्ट वरणाने झाले. वरणाच्या वरचे पाणी नव्हे, खालचा गाळ. कंदमुळे न घेणाऱ्या घरांनी बाळाला लोह आणि उष्मांक कशातून द्यावेत, नाचणी कितपत पुरते, भोपळा आणि केळे कसे वापरावे, याविषयी पुढील अंकात लिहीन. तोपर्यंत ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड कपाटातून काढून त्यावरचे ठिपके जोडून पाहावेत.